पोवळीचा पान्हा

मालनबाई सोनईहून परतली ती चौथ्या दिवशी, संध्याकाळच्या धारेच्या वेळेला. लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत होती, म्हणून गेली होती. हातातली पिशवी ओट्यावर टाकली, चूळ भरली आणि पदर खोचत ती तडक गोठ्याकडं निघाली. तीन दिवस आपण नव्हतो, गायींनी दावण डोक्यावर घेतली असेल, धार काढता काढता दिराच्या नाकी नऊ आले असतील, असं ती बसमध्ये स्वतःलाच सांगत आली होती. खरं म्हणजे तसं झालेलं तिला हवंच होतं.

गोठा मात्र शांत होता. पोवळी, त्यांची तांबूस रंगाची मोठी गाय, डोळे अर्धे मिटून रवंथ करत उभी होती आणि तिच्या कासेखाली धाकटी जाऊ रुपाली बसली होती. बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता. भरलेल्या दुधात धार पडते तेव्हाचा तो जड, फेसाळ आवाज. मालनबाईनं तो पंचवीस वर्षं ऐकला होता, पण स्वतःच्या हाताचा. दुसऱ्याच्या हाताचा आज पहिल्यांदाच कानावर पडला.

"आल्या व्हय वयनी?" दीर अजिनाथ घासाची पेंढी टाकता टाकता म्हणाला. "पोवळीनं परवापसनं दीड लिटर जास्त दिलं बघा. रुपालीच्या हाताला पान्हा सोडती ती. मला वाटलं हुतं लाथा झाडंल."

मालनबाईनं खांबाला हात टेकला. छातीत धडधड सुरू झाली, तोंडाला कोरड पडली, कान गरम झाले. एखादा विंचू चावावा आणि कळ सरसर वर चढावी तसं काहीतरी पोटातून वर आलं. "जास्तीचा खुराक घातला असंल," एवढंच ती बोलली आणि घरात गेली.

लग्न होऊन ती कोल्हारच्या या वस्तीवर आली तेव्हा सासू नव्हती. सासरा तापट. अजिनाथ तेव्हा बारा वर्षांचा होता. नवरा सहादेव भला माणूस, पण शेताच्या बाहेर त्याचं लक्ष नसे. घरात एक गाय होती, तीही मारकी. मालननं तिला चुचकारून, अंगावर हात फिरवून, कासेला कोमट पाण्याचं फडकं लावून पान्हवलं. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा झाल्या. सकाळी पाचला सहा गायी, संध्याकाळी पाचला सहा गायी. बाळंतपणात सव्वा महिना सोडला तर खंड नाही. डेअरीवर तिच्या दुधाला कधी नाव ठेवलं गेलं नाही. नवी गाय घ्यायची झाली की आसपासच्या वस्त्यांवरचे लोक तिला बोलवायला यायचे. ती कासेचा सड हातात घेऊन सांगायची, ही दूध चोरते, ही चोरत नाही. पाच वर्षांपूर्वी रुपाली घरात आली तेव्हा मालनबाईनं तिला सगळं करू दिलं. शेण काढणं, घास कापणं, भाकरी, धुणं. कासेखाली मात्र बसू दिलं नाही. "गायी नव्या हाताला बुजत्यात," असं सांगायची. रुपालीच्या माहेरी गायी होत्या, तिला धारा काढता येत होत्या. पण थोरल्या जावेपुढं ती कधी बोलली नाही.

मालनबाईला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी घरात कुणाला ठाऊक नव्हती. तिचा हात मरत चालला होता.

सुरुवात मागच्या उन्हाळ्यात झाली. पहाटे जाग यायची ती उजव्या हाताला मुंग्या येऊन. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट. हात झटकला की बरं वाटायचं. मग झटकूनही बरं वाटेना. चहाची कपबशी हातातून सुटली. पोलक्याची बटणं लावायला आरशासमोर उभं राहावं लागू लागलं, कारण बोटांना बटण कळायचंच नाही, डोळ्यांनी बघून लावावं लागायचं. गंमत अशी की करंगळी ठणठणीत होती. शरीरही काहीबाही करत होतं. भर चैत्रात तिला थंडी वाजायची, अंग जड झालं होतं, केस मूठ मूठ गळत होते, आवाज घोगरा झाला होता. कुणी विचारलं तर म्हणायची, "वारं भरलंय हाताला. वय झालं आता." चौरेचाळिसावं चालू होतं तिला.

सडावर दाब कमी-जास्त पडू लागला, तसं गायींना कळलं. माणसाच्या आधी कळलं. पोवळी पाय आपटू लागली, अर्ध्यातच पान्हा आखडून घेऊ लागली. दूध कमी झालं, तेव्हा मालनबाईनं पेंडीला दोष दिला, उन्हाला दिला. आणि आता ती तीन दिवस बाहेर काय गेली, पोवळीनं सगळं उघडं पाडलं.

दुसऱ्या दिवशी सहादेवनंच सांगून टाकलं, "मालन, तू चार गायी बघ. पोवळी आन तिची औंदा पहिल्यांदा व्यालेली कालवड रुपाली बघंल." त्याला वाटलं, बायकोचा भार हलका केला. मालनबाईला वाटलं, नवऱ्यानं भरल्या ताटावरून उठवलं.

मत्सर हा प्रकार तिला नवा होता. तोवर हेवा करण्यासारखं आसपास कुणी नव्हतंच. आता तो तिच्यासोबत उठू लागला, तिच्यासोबत जेवू लागला. रुपालीची बोटं तिला जिथं तिथं दिसायची. दोरा सुईत ओवताना, तव्यावरची भाकरी उलटताना, आपल्या सहा महिन्यांच्या तान्ह्या लेकीच्या कानामागं तेल लावताना. किती बारीक काम करायची ती बोटं, आणि किती सहज! तान्ही पाळण्यात नुसती कुरकुरली तरी रुपालीचं पोलकं ओलं व्हायचं. ती हसून पदर ओढायची आणि लेकीला उचलायची. अंगणात बसून मालनबाई ते बघायची आणि मनात म्हणायची, सगळा पान्हा हिच्याच वाट्याला. गायीचाबी आन स्वतःचाबी.

शेजारच्या वस्तीवरची झुंबरबाई ताक न्यायला आली की मुद्दाम विचारायची, "आता पोवळीखाली धाकटी बसती म्हनं?" मालनबाई ताकाचं भांडं तिच्या हातात देत म्हणायची, "मीच शिकवलं तिला." खोटं बोलताना तिच्या मानेवर घाम यायचा.

श्रावण सरत आला होता. एका सकाळी मालनबाई आपल्या चार गायी उरकून गोठ्यामागं गेली. पलीकडं रुपाली पोवळीखाली बसलेली. पोवळीनं नुकताच पान्हा सोडला होता. धारेचा आवाज लयीत आला होता. गोठ्यामागच्या भिंतीला पेंडीचा रिकामा पत्र्याचा डबा होता. गाय पान्हवलेली असताना भ्याली की पान्हा जागच्या जागी आटतो, हे मालनबाईइतकं कुणाला ठाऊक? तिनं मागंपुढं पाहिलं नाही. डबा उचलला, त्यात दोन दगड टाकले आणि पोवळीच्या डोक्याशी असलेल्या पत्र्यावर जीव खाऊन आदळला.

पोवळी उसळली. लाथ बसली ती रुपालीच्या डाव्या हातावर. बादली लवंडली, रुपाली मागं भिंतीवर जाऊन पडली आणि तिनं अशी किंकाळी फोडली की अजिनाथ उसातून पळत आला.

"काय पडलं गं?" सहादेवनं विचारलं.

"मांजर असंल," मालनबाई म्हणाली.

हाताच्या हाडाला चीर गेली होती. कोपरापासून पंजापर्यंत प्लास्टर पडलं, सहा आठवड्यांचं. रुपालीला तान्हीला उचलता येईना, कुशीत नीट धरता येईना. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेगळीच तऱ्हा सुरू झाली. तान्ही छातीशी लागायची, ओढून ओढून दमायची आणि रडायची. रुपालीचं दूध उतरेना. हात ठणकत होता, झोप नव्हती, आणि गोठ्यात कुठं भांडं वाजलं तरी ती दचकायची. "दिष्ट लागली," झुंबरबाई म्हणाली. मालनबाई चुलीपुढं बसली होती. तिनं जाळ पुढं सारला.

सहाही गायी आता तिच्यावर आल्या. तिला हवं होतं तेच झालं होतं. पहिल्या सकाळी आपल्या चार गायी उरकून ती पोवळीखाली बसली आणि सड हातात घेतला, तर हातात काही आहे की नाही, हेच तिला कळेना. बोटं सुजल्यासारखी जड. दोन मिनिटांत अंगठ्यातलं बळ गेलं. अजिनाथनं आणि सहादेवनं कशाबशा धारा काढल्या, पण पुरुषांच्या धसमुसळ्या हातांना गायी राजी नव्हत्या. आठवड्यात एका गायीची कास सुजली आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं लागलं.

एका दुपारी मालनबाई भाकरी थापत होती. रुपाली प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दाराशी बसली होती. एकदम ती ओरडली, "ताई, हात! ताई, तव्याला हात लागलाय!"

मालनबाईनं खाली बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट तापल्या तव्याच्या काठाला टेकलं होतं. कातडी पांढरी पडली होती. तिनं हात मागं घेतला तो रुपालीचं ऐकून. चटका तिला कळलाच नव्हता.

रुपालीनं धड हातानं तिचं मनगट धरलं आणि पंजा उलटा करून पाहिला. जुने डाग होते, एकावर एक. "ह्ये कधीपसनं हाय?"

"वारं भरलंय."

"वारं न्हाई ह्ये. माझ्या चुलत्याला कळायचं न्हाई तळपायाचं, त्याचा पाय कापावा लागला. ताई, तुमी नगरला दाखवा. म्या सांगते भाऊजींना." ती उठली, पाणी आणलं आणि मालनबाईचा हात त्यात बुडवला. मालनबाईला पाण्याचा गारवा करंगळीत कळला, बाकी बोटांत नाही. तिला रडू आलं. ते चटक्याचं नव्हतं.

नगरच्या सावेडी भागात नसांच्या डॉक्टर होत्या, प्रज्ञा साळवे म्हणून. पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी कापसानं, मग टाचणीच्या टोकानं एकेक बोट तपासलं. मग मनगटावर, बोटांवर वायरी चिकटवून विजेचे बारके झटके दिले. सहादेव घाबरला. मालनबाईला झटक्याचं काही वाटलं नाही. रक्तही तपासलं. संध्याकाळी रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"मावशी, मेंदूपासून बोटांपर्यंत नसा जातात. बोटाला काय लागलं याचा निरोप त्या वर नेतात, आणि बोट कसं हलवायचं याचा हुकूम खाली आणतात. तुमच्या मनगटात एक अरुंद बोळ आहे. त्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, आणि त्यांच्या गर्दीतून एक नस. पंचवीस वर्षं दोन्ही वेळा धारा काढून त्या दोऱ्या सुजल्यात आणि नस चेंगरलीय. झटका दिला तर निरोप मनगटापाशी येऊन रेंगाळतो. ही नस अंगठा, दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बघते. करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते, म्हणून ती शाबूत आहे."

"आन अंग जड झालंय, थंडी वाजती, त्ये?" मालनबाईनं विचारलं.

"ते गळ्यातल्या ग्रंथीमुळं. थायरॉईड. तिचा रस सगळ्या अंगाची चूल किती पेटती ठेवायची ते ठरवतो. तुमची चूल मंदावलीय. त्यानंच अंगाला सूज येते, मग मनगटातला बोळ आणखी अरुंद होतो. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. आणि उजव्या हाताचं छोटं ऑपरेशन. तुम्ही धार काढता कशी, दाखवा बघू."

मालनबाईनं अंगठा आत दुमडून, सड अंगठ्याच्या हाडावर दाबतात तशी मूठ करून दाखवली.

"हीच रीत मनगटाला नडते. आणि सडालाही. माझा मामा गायी पाळायचा संगमनेरला, म्हणून मला माहीत." डॉक्टर हसल्या.

सहादेव बिल भरायला बाहेर गेला. मालनबाई उठली नाही. "एक विचारू का बाई?" तिनं आवाज बारीक केला. "गाय भ्याली की पान्हा आखडती. बाईचंबी तसंच असतं का?"

"तसंच असतं. सडाला हात लागला किंवा बाळ छातीला लागलं की निरोप मेंदूत जातो. तिथं हरभऱ्याएवढी एक ग्रंथी आहे. ती रक्तात एक रस सोडते, आणि मिनिटभरात दूध उतरतं. बाळाचं रडणं नुसतं ऐकलं तरी उतरतं. पण भीती वाटली, दुखलं, जिवाला घोर लागला, की दुसरा एक रस सुटतो. जिवावर बेतल्यावर पळायचा किंवा लढायचा. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. तो पहिल्या रसाची वाट अडवतो. दूध असतं, पण उतरत नाही. का हो, कुणाचं झालंय?"

"जावंचं."

"तिला निवांत ठेवा. कुणीतरी बाळ नीट धरून द्या, पाठीला उशी, गरम गरम खायला. बाळाला सारखं लावत राहा. बहुतेक वेळा परत येतं. तिला भीती कशाची बसलीय, ते मात्र बघा."

परतीच्या एसटीत राहुरी येईपर्यंत मालनबाई तेच मनात घोळवत होती. छाती धडधडणं, तोंड कोरडं पडणं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली भीतीची लक्षणं तिला पाठ होती. त्या दिवशी खांबाला टेकून उभी असताना तिला नेमकं हेच झालं होतं. तिला तो राग वाटला होता. ती भीती होती, हे तिला आत्ता कळत होतं. आपल्यावाचून या घराचं चालेल, ही भीती.

घरी गेल्यावर तिनं पाय धुतले आणि थेट रुपालीच्या खोलीत गेली. तान्ही रडून रडून झोपली होती.

"त्या दिशी मांजर नव्हतं," मालनबाई म्हणाली. "डबा म्या वाजवला. पोवळीनं दूध आखडावं म्हनून. तुला लागावं असं मनात नव्हतं. पन डबा म्याच वाजवला."

समजलं नाही असं रुपालीचं तोंड झालं. मग समजलं, तसं ते तोंड पांढरं पडलं.

"माझ्या पाठीला पोरगी बांधलेली असती म्हंजी? कधी कधी बांधून बसते म्या. ठावं हाय तुमाला."

"ठावं हाय."

"बाहेर जा ताई."

मालनबाई बाहेर आली. रुपालीनं नवऱ्याला सांगितलं. अजिनाथ दोन दिवस वहिनीशी बोलला नाही. ज्या बाईनं त्याला लहानाचं मोठं केलं तिच्याकडं त्याला बघवेना. सहादेवनं एकदाच तोंड उघडलं: "तुझ्याकडनं असं व्हईल वाटलं न्हवतं." रोज दोन वेळा मालनबाई डिंक-खोबऱ्याचं, मेथीचं करून रुपालीच्या दाराशी ठेवायची. भिंतीला उशी लावून द्यायची, तान्हीला आणून आईच्या उजव्या कुशीत धरायची आणि तोंड फिरवून बसायची, तान्ही पिऊन होईपर्यंत. रुपाली बोलायची नाही. पण येऊ नका असंही म्हणाली नाही. गोठ्यात कुणी भांडं वाजवलं तर मालनबाई तिथूनच खेकसायची.

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी तान्हीच्या घशातून घटघट आवाज आला. मालनबाईची पाठ तिकडं होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलले ते रुपालीला दिसलं.

"मिळतंय तिला आता," रुपाली म्हणाली. इतक्या दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

दसऱ्याच्या आधी मालनबाईच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं काम. पहाटेच्या मुंग्या त्याच आठवड्यात गेल्या. बोटांना कळायला मात्र महिने लागले. आधी पाण्याचा गारवा कळला, मग पदराची किनार. गोळीनं थंडी गेली, आवाज मोकळा झाला. अंगठ्याच्या टोकाला थोडं बधिरपण राहिलं ते राहिलंच. नस फार दिवस चेंगरलेली होती, तेवढं राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. मधल्या काळात वस्तीवर धारा काढायचं मशीन आलं आणि चार गायी त्यावर गेल्या. पोवळी आणि तिची कालवड मशीनला तयार झाल्या नाहीत.

संक्रांत झाली आणि एका संध्याकाळी मालनबाई गोठ्यात आली. रुपाली पोवळीखाली बसली होती. तिचा हात जोडला होता, पण थंडीत अजून दुखायचा. मालनबाई कालवडीपाशी बादली घेऊन उभी राहिली.

"रुपाली, मूठ कशी धरती तू? अंगठा बाहेर ठिवती न्हवं? जरा दाव."

रुपालीचे हात थांबले. पोवळीनं मान वळवून पाहिलं. "तुमाला म्या दावू?"

"मग कुनाला इचारू? झुंबरबाईला?"

रुपालीला हसू आलं, ते तिनं लगेच आवरलं. ती उठली, कालवडीजवळ आली, उकिडवी बसली. अंगठा बाहेर, वरून खाली एकेक बोट मिटत आणायचं. तिनं दोनदा करून दाखवलं. मग मालनबाईचा पंजा हातात घेऊन बोटं नीट बसवली. ऑपरेशनच्या व्रणाला तिचा हात लागला, तेव्हा तिनं जपून धरलं. पहिल्या दिवशी कालवडीनं अर्धा लिटरही दिलं नाही. पंधरवड्यानं सगळं दिलं.

मत्सर गेला का? नाही गेला. पोवळीची बादली फेसानं भरून जाताना दिसली की मालनबाईच्या पोटात अजून काहीतरी वर येतं. ती मग घास कापायला जाते, आणि परत येते तोवर ते उतरलेलं असतं. रुपालीही पूर्वीसारखी मोकळी नाही. तान्हीला पाठीला बांधून ती आता कासेखाली बसत नाही, आणि धार काढताना मालनबाई कुठं आहे हे एकदा बघून घेते. मालनबाईला ते दिसतं.

परवा झुंबरबाई ताकाला आली होती. "काय गं मालन, धाकटीचा हात लई गोड हाय म्हनं गायींना?"

मालनबाई ताक ओतत होती. तिनं भांडं खाली ठेवलं. "व्हय, गोड हाय," ती म्हणाली. "माझ्यापरीस गोड हाय. मलाबी तिनंच शिकवलं."

झुंबरबाईनं आपणच भांडं उचललं. ती ताक घेऊन गेली.